साठ खासदारांचा पक्ष पाच वर्षांत संपला कसा? स्पेनच्या रॅडिकल सोशालिस्टांची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९३१ च्या स्पॅनिश संसदेत रॅडिकल सोशालिस्ट रिपब्लिकन पक्ष तिसऱ्या नंबरवर होता, सरकारात दोन मंत्री होते, आणि १९३४ नंतर त्याचं नावच कुठे दिसत नाही. चर्चच्या विरोधात अति केलं म्हणून बुडाला का, आणि आज त्यांचा वारस कोण?

मी बरीच वर्षं कॉलेजात युरोपचा आधुनिक इतिहास शिकवलाय आणि स्पेनचं दुसरं प्रजासत्ताक (१९३१ ते १९३९) हा माझा सगळ्यात जवळचा विषय, त्यामुळे जरा लांब लिहितो. आधी माझं मत सांगून टाकतो. चर्चविरोध हे कारण आहे पण एकमेव नाही, आणि मुख्य तर अजिबात नाही. हा पक्ष बुडाला तो दोन गोष्टींमुळे. एक, त्याचे साठ खासदार हे त्याच्या स्वतःच्या मतांवर आलेलेच नव्हते, आघाडीच्या यादीवर आले होते. दुसरं, पक्षात शेवटचा शब्द कुणाचा, मंत्र्यांचा की अधिवेशनाला जमलेल्या सभासदांचा, हे कधी ठरलंच नाही. बाकी सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

सुरुवातीला नावाचा गोंधळ दूर करू, कारण माझे विद्यार्थी दरवर्षी इथेच अडकायचे. त्या काळात आलेहांद्रो लेरूंचा 'रॅडिकल' पक्ष वेगळा, मजूर संघटनांच्या जोरावर उभा असलेला 'सोशालिस्ट' पक्ष वेगळा, आणि हे 'रॅडिकल सोशालिस्ट' तिसरेच. हे मार्क्सवादी नव्हते, खाजगी मालमत्ता त्यांना मान्य होती. त्यांच्यासमोर आदर्श होता फ्रान्सच्या रॅडिकल सोशालिस्टांचा, म्हणजे शाळा सरकारी आणि धर्मनिरपेक्ष हवी, चर्च राज्यापासून वेगळं हवं, गरिबाला जमीन आणि कामगाराला संरक्षण हवं, पण क्रांतीबिंती नको, कायद्याने करा. पक्षात माणसं कोण होती तर शाळामास्तर, वकील, डॉक्टर, पशुवैद्य, पत्रकार, छोट्या गावातले दुकानदार, आणि त्यात फ्रीमेसन (एका गुप्त बंधुसंघाचे सभासद) बरेच. म्हणजे गावात ज्याच्याकडे चार पुस्तकं असायची आणि ज्याचं गावच्या पाद्र्याशी पटायचं नाही, तो माणूस.

आता १९२० च्या दशकात जाऊ. सप्टेंबर १९२३ मध्ये जनरल मिगेल प्रिमो दे रिव्हेराने सत्ता हातात घेतली, राजा तेरावा अल्फोन्सो त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि राजाने स्वतःचं नशीब हुकूमशहाच्या नशिबाला बांधून टाकलं. फेब्रुवारी १९२६ मध्ये विखुरलेल्या राजेशाहीविरोधी गटांनी 'रिपब्लिकन आघाडी' केली, त्यात लेरू होते, मान्युएल आसान्यांचा (पुढे हेच पंतप्रधान झाले) गट होता, कॅटलन रिपब्लिकन होते. पण लेरूंबद्दल तरुण लोकांना खात्री वाटत नव्हती. एके काळी बार्सेलोनाच्या कामगारवस्त्यांत आग ओकणारे लेरू म्हातारपणी कुणाशीही जमवून घ्यायला तयार झाले होते आणि पैशाच्या बाबतीत त्यांच्या आसपासच्या मंडळींचं नाव चांगलं नव्हतं. (पुढे १९३५ मध्ये जुगाराच्या यंत्राच्या परवान्याचं प्रकरण बाहेर आलं, 'एस्त्रापेर्लो' म्हणतात त्याला, आणि त्यात लेरूंचा पक्ष अक्षरशः संपला, म्हणजे या तरुणांची शंका खरीच निघाली.) तर १९२९ मध्ये दोन माणसांनी वेगळी चूल मांडली: मार्सेलिनो दोमिंगो आणि आल्व्हारो दे अल्बोर्नोस.

दोमिंगो हा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. जन्म १८८४, तारागोनाचा, पेशाने शाळामास्तर, तोर्तोसा भागात वाढलेला, तिथूनच खासदार झालेला. १९१७ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी खासदार असूनही त्यांना पकडून तुरुंगात टाकलं होतं. भाषण उत्तम, लिखाण भरपूर, स्वभाव मवाळ. अल्बोर्नोस आस्तुरियासमधल्या लुआर्काचे, वकील, भाषणं धारदार. (नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ सेव्हेरो ओचोआ हे यांचेच भाचे, तेही लुआर्काचेच.) दोघंही प्रामाणिक होते यावर त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतली नाही, आणि त्या काळच्या राजकारणात ही छोटी गोष्ट नव्हती.

जानेवारी १९३० मध्ये प्रिमो दे रिव्हेरा पायउतार झाला. १७ ऑगस्ट १९३० ला सान सेबास्तियान शहरात सगळे राजेशाहीविरोधी एकत्र बसले आणि प्रजासत्ताक आणायचं ठरलं. रॅडिकल सोशालिस्टांकडून दोमिंगो, अल्बोर्नोस आणि आंखेल गालार्सा असे तिघं होते. म्हणजे जेमतेम वर्षभराचा पक्ष आणि थेट मुख्य टेबलावर खुर्ची. डिसेंबरमध्ये हाका या गावी कॅप्टन फेर्मिन गालान यांनी ठरलेल्या तारखेच्या आधीच उठाव केला, तो फसला, १४ डिसेंबरला गालान आणि कॅप्टन गार्सिया एर्नांदेस यांना गोळ्या घातल्या. उठाव आखणाऱ्या क्रांतिकारी समितीचे लोक माद्रिदच्या तुरुंगात गेले, त्यात अल्बोर्नोसही होते. दोमिंगो निसटून फ्रान्सला गेले.

मार्च १९३१ मध्ये या लोकांवर लष्करी कोर्टात खटला चालला आणि अल्बोर्नोस यांची वकील होती व्हिक्टोरिया केंट. अशा सर्वोच्च लष्करी कोर्टासमोर उभी राहिलेली पहिली स्त्री वकील, आणि तीही याच पक्षाची. आरोपींना सहा महिन्यांची नाममात्र शिक्षा झाली आणि ते सुटले. विचार करा, सरकार उलथवायच्या कटाचा खटला आणि निकाल असा, म्हणजे राजाच्या हातात काय उरलं होतं ते सगळ्यांना दिसलं. महिन्याभरात १२ एप्रिलला नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, मोठ्या शहरांत रिपब्लिकन जिंकले, १४ तारखेला प्रजासत्ताक जाहीर झालं आणि राजा कार्ताखेना बंदरातून देश सोडून गेला. कालपर्यंत तुरुंगात असलेली समितीच हंगामी सरकार झाली. दोमिंगो शिक्षणमंत्री, अल्बोर्नोस बांधकाम-विकास खात्याचे मंत्री, केंट तुरुंग खात्याच्या महासंचालक, गालार्सा आधी सरकारी वकिलांचे प्रमुख आणि मग पोलीस खात्याचे.

आता ते साठ खासदार. २८ जून १९३१ ला घटनासमितीची निवडणूक झाली. सोशालिस्ट ११५ च्या आसपास, लेरूंचे रॅडिकल ९० च्या आसपास, आणि रॅडिकल सोशालिस्ट साठच्या आसपास (लोक गट बदलत राहिले म्हणून आकडे पुस्तकागणिक थोडे वेगळे दिसतात). आसान्यांच्या पक्षाला यांच्या निम्म्याहूनही कमी जागा होत्या! पण पद्धत काय होती बघा. ८ मे १९३१ च्या हुकुमाने जुने छोटे मतदारसंघ मोडले, कारण तिथे गावचा पुढारी मतं विकत घ्यायचा, आणि अख्खा प्रांत हा एक मतदारसंघ केला. मतदाराने नावांची यादी टाकायची, पण सगळ्या जागांइतकी नावं नाही, साधारण ८० टक्के. प्रांतात १० जागा असतील तर ८ नावं. त्यामुळे जी आघाडी पहिली येईल ती १० पैकी ८ जागा उचलणार आणि उरलेल्या २ दुसऱ्या नंबरवाल्याला. अशा पद्धतीत आघाडीच्या यादीत नाव लागणं हीच निवडणूक. मत द्यायला आलेला शेतमजूर सोशालिस्टांसाठी यायचा, त्याच यादीत गावच्या रॅडिकल सोशालिस्ट वकिलाचंही नाव असायचं, तोही निवडून यायचा. पक्षाची स्वतःची मतं किती हे कुणालाच कळत नव्हतं, पक्षालाही नाही. आणि साठ खासदार आले म्हटल्यावर देश आपल्या मागे आहे असं वाटायला लागलं, हे माणसाच्या स्वभावाला धरूनच झालं.

तरी या पक्षाने सत्तेत असताना काय केलं ते आधी सांगायला हवं, कारण पराभूत पक्षांचं काम लोक विसरतात आणि मला ते फार खटकतं. दोमिंगो शिक्षणमंत्री म्हणून जेमतेम आठ महिने होते. तेवढ्यात काय झालं: २९ एप्रिलला कॅटलोनियात शाळेत मुलांच्या मातृभाषेतून शिकवायला परवानगी, ६ मे ला शाळेतला धर्माचा तास ऐच्छिक, २९ मे ला 'मिसिओनेस पेदागोखिकास' म्हणजे ग्रंथालय, सिनेमा, नाटक, चित्रांच्या प्रतिकृती घेऊन दुर्गम खेड्यांत जाणारी पथकं स्थापन झाली, जूनमध्ये एका वर्षात ७,००० नवी शिक्षकपदं आणि पाच वर्षांत २७,००० शाळांचा आराखडा. प्राथमिक शिक्षणाचे संचालक रोदोल्फो योपिस, ते सोशालिस्ट होते पण तेही मास्तरच, आणि दोघांचं छान जमलं. शिक्षकांचे पगार वाढवले. ज्या देशात प्रौढ लोकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा निरक्षर होता तिथे एक मास्तर शिक्षणमंत्री होतो आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे करतो, मला तरी त्या पक्षाचं अस्तित्व एवढ्यावरच सार्थकी लागलं असं वाटतं.

केंट यांचं कामही तसंच. तुरुंगातले साखळदंड आणि बेड्या काढायला लावल्या, त्या वितळवून एकोणिसाव्या शतकातल्या तुरुंगसुधारक कोन्सेप्सिओन आरेनाल यांचा पुतळा करायचं ठरवलं, कैद्यांचं जेवण सुधारलं, प्रार्थनेला बसायची सक्ती बंद केली, माद्रिदला स्त्रियांसाठी नवा तुरुंग बांधायला घेतला जिथे आईजवळ लहान मूल राहू शकेल. १९३२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, कारण सुधारणा फार पुढे जातायत असं सरकारातल्याच लोकांना वाटायला लागलं. आणि तोच वेंतासचा तुरुंग पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या काळात राजकीय कैदी बायकांनी खचाखच भरला गेला, हे वाचताना त्रास होतो.

पण याच केंट बाईंनी १ ऑक्टोबर १९३१ ला संसदेत उभं राहून सांगितलं की स्त्रियांना मताचा हक्क आत्ता नको, पुढे ढकला. त्यांचं म्हणणं, बाया पाद्र्याचं ऐकून मत देतील आणि प्रजासत्ताक धोक्यात येईल. समोर होत्या क्लारा काम्पोआमोर, लेरूंच्या पक्षाच्या, आणि त्या स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जाऊन हक्कासाठी भांडल्या. १६१ विरुद्ध १२१ ने हक्क मंजूर झाला. रॅडिकल सोशालिस्टांनी बहुतांशी विरोधात मत दिलं. डिसेंबरमध्ये परत हा हक्क लांबवायचा प्रयत्न झाला तो फक्त चार मतांनी पडला, १३१ विरुद्ध १२७. माझ्या मते पक्षाच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट दिवस. समतेच्या नावाने स्थापन झालेला पक्ष, पक्षाची सगळ्यात प्रसिद्ध स्त्री, आणि भूमिका ही. लोकांवर विश्वास आहे म्हणायचं पण ते आपल्या बाजूने मत देतील तोवरच, ही वृत्ती पक्षात खोलवर होती आणि ती पुढे आतल्या भांडणातही दिसते.

आता चर्चचा भाग. तुमच्या प्रश्नात हाच मुख्य धरलाय. घटनेचं कलम २६ हे धर्मसंस्थांबद्दल होतं. रॅडिकल सोशालिस्टांना सगळेच धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा हवी होती. १३ ऑक्टोबर १९३१ ला आसान्यांनी ते प्रसिद्ध भाषण केलं, ज्यात स्पेन आता कॅथलिक राहिलेला नाही असं म्हटलं, आणि गंमत म्हणजे ते भाषण तडजोडीसाठी होतं! फक्त जेझुइटांवर (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) बंदी आणा, बाकीच्या संघांना शिकवायला मनाई करा पण राहू द्या, असं ते सांगत होते. कलम १७८ विरुद्ध ५९ ने पास झालं, कॅथलिक असलेले पंतप्रधान अल्काला-सामोरा आणि गृहमंत्री माउरा यांनी राजीनामे दिले, आसान्या पंतप्रधान झाले. डिसेंबरपासून अल्बोर्नोस न्यायमंत्री, म्हणून पुढचे सगळे कायदे त्यांच्या खात्यातून निघाले: जानेवारी १९३२ मध्ये जेझुइट संघ बरखास्त, स्मशानभूमी चर्चकडून नगरपालिकांकडे, मार्चमध्ये घटस्फोटाचा कायदा, जूनमध्ये नागरी विवाह. शेवटी १७ मे १९३३ ला धार्मिक संघांचा कायदा पास झाला, त्यात संघांनी चालवलेल्या माध्यमिक शाळा १ ऑक्टोबरपर्यंत आणि प्राथमिक वर्षअखेरपर्यंत बंद करायच्या असं होतं. पोपने लगेच जूनमध्ये त्याविरुद्ध पत्रक काढलं.

यातलं घटस्फोट, नागरी विवाह, स्मशानं हे सगळं मला योग्यच वाटतं, त्यात अति काही नाही. शाळांचं मात्र चुकलं, तत्त्व म्हणून नाही, हिशोब म्हणून. सरकारी शाळा अजून पुरेशा बांधून झाल्या नव्हत्या आणि तुम्ही आहेत त्या बंद करायची तारीख देताय, म्हणजे ज्या मध्यमवर्गीय आईबापांची मुलं नन्सच्या शाळेत शिकत होती त्यांना तुम्ही विरोधकांच्या हातात देऊन टाकलंत. पण लक्षात घ्या, या विषयावर पक्ष एक होता. पाद्र्यांच्या विरोधात बोलायचं असेल तेव्हा सगळे साठच्या साठ एका सुरात बोलायचे. पक्ष फुटला तो दुसऱ्याच गोष्टींवरून, आणि चर्चचा विषय संपत आला तसतसा जास्त फुटला. म्हणून मी म्हणतो की चर्चविरोधाने पक्ष मारला नाही, उलट तोच विषय त्यांना धरून ठेवत होता.

खरी कसोटी जमिनीची होती. डिसेंबर १९३१ मध्ये दोमिंगोंना शिक्षणातून काढून शेती, उद्योग आणि व्यापार खातं दिलं. का दिलं तर मंत्रिमंडळातली गणितं. शिक्षण सोशालिस्ट फेर्नांदो दे लोस रिओसना हवं होतं. दोमिंगोंना शेतीतलं कळत नव्हतं, आसान्यांच्या डायरीत त्याबद्दल कडक शेरे आहेत. आणि नेमकं त्याच खात्यात प्रजासत्ताकाचं भवितव्य ठरणार होतं. दक्षिणेत, आंदालुसिया आणि एक्स्त्रेमादुरा इथे हजारो हेक्टरच्या जमीनदाऱ्या आणि त्यावर वर्षातले काही महिनेच काम मिळणारे मजूर, त्यांना वाटत होतं की प्रजासत्ताक आलं म्हणजे जमीन मिळाली. जमीन सुधारणा कायदा संसदेत महिनोन्‌महिने रखडला, उजव्यांनी शेकडो दुरुस्त्या टाकल्या. १० ऑगस्ट १९३२ ला जनरल सानखुर्खोने बंड केलं, ते सेव्हियात एक दिवस टिकलं आणि पडलं, त्या संतापाच्या लाटेवर ९ सप्टेंबरला कायदा पास झाला.

कायद्यात दोष दोन. एक तर पैसा, वर्षाला ५ कोटी पेसेता, एवढ्यात काहीच होण्यासारखं नव्हतं. दुसरं, जमिनींची नोंद करायची सक्ती सगळ्या देशात, उत्तरेकडच्या मध्यम शेतकऱ्यालाही, ज्याची जमीन कधी घेतली जाणारच नव्हती. म्हणजे दक्षिणेतल्या मजुराला मिळालं काहीच नाही आणि उत्तरेतला छोटा मालक फुकट घाबरला. वर्षाला साठ-सत्तर हजार कुटुंबं वसवायच्या गोष्टी चालल्या होत्या, १९३३ संपेपर्यंत या कायद्याखाली चार-साडेचार हजार कुटुंबंच वसली. एक गोष्ट मात्र दोमिंगोंच्या बाजूने सांगायला हवी: नोव्हेंबर १९३२ मध्ये पडीक कुरणांची जमीन तात्पुरती कसायला द्यायचा हुकूम काढला, आणि त्यातून मुख्यतः एक्स्त्रेमादुरात चाळीस हजारांच्या आसपास कुटुंबांना जमिनीचा तुकडा मिळाला. कायद्यापेक्षा हा साधा हुकूम जास्त उपयोगी पडला.

आणि मग गहू. हे प्रकरण फारसं कुणी सांगत नाही पण मला ते निर्णायक वाटतं. १९३२ च्या वसंतात बाजारात गहू कमी दिसायला लागला, ब्रेडचे भाव वाढतील म्हणून दोमिंगोंनी सुमारे अडीच लाख टन गहू आयात करायला परवानगी दिली. गहू खरंच कमी होता की साठेबाजांनी दाबून ठेवला होता यावर तेव्हाही वाद होता. पण आयातीचा माल येऊन पडला आणि पाठोपाठ त्याच वर्षी विक्रमी पीक आलं. भाव कोसळले. कास्तिया आणि लेओनमधला छोटा गहू उत्पादक, जो स्वतःच्या दहा-वीस हेक्टरवर राबत होता, तो या पक्षाचा नैसर्गिक मतदार होऊ शकला असता, तो मास्तराच्या, पशुवैद्याच्या बोलण्याने वळू शकला असता. त्याने दोमिंगोंचं नाव टाकलं ते कायमचं, आणि उजव्या कॅथलिक संघटनांनी तो माणूस अलगद उचलला. भाव पाडणारं आयातीचं धोरण शेतकऱ्याच्या किती जिव्हारी लागतं हे महाराष्ट्रात कांदा पिकवणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

आता पक्षाच्या आत काय चाललं होतं. यांच्या घटनेत पक्षाचं अधिवेशन सर्वोच्च होतं, आणि ते त्यांनी मनापासून घेतलं होतं. जुन्या पक्षांत एक पुढारी आणि बाकी त्याचे लोक, तसं आपल्याकडे नको, सभासदाला विचारल्याशिवाय काही नाही. तत्त्व सुंदर आहे. पण प्रत्यक्षात कसं झालं, की सभासद अधिवेशनात मंत्र्याला उभं करून जाब विचारतायत, संसदेतला गट एक ठरवतोय, कार्यकारिणी दुसरं, प्रांताच्या शाखा तिसरं, हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमनला घेरतात तसं, आणि इकडे देशाचं सरकार चालवायचंय. १९३२ मध्ये पहिली फूट. आल्कॉयचे वकील हुआन बोतेया आसेन्सी आणि एदुआर्दो ओर्तेगा इ गासेत (तत्त्वज्ञ ओर्तेगांचे भाऊ) यांचं म्हणणं की सरकार दडपशाहीचे कायदे वापरतंय, सोशालिस्टांच्या मागे फरफटतंय, तत्त्वं सोडली. त्यांना पक्षातून बाहेर जावं लागलं, त्यांनी 'इस्किएर्दा रादिकाल सोसियालिस्ता' नावाचा छोटा पक्ष काढला.

मोठी फूट फेलिक्स गोर्दोन ओर्दास यांची. लेओनचे, पशुवैद्य, देशातल्या पशुवैद्यांना संघटित करणारे, सरकारात पशुसंवर्धनाचं स्वतंत्र महासंचालनालय १९३१ मध्ये आलं ते मुख्यतः त्यांच्या आग्रहाने. कष्टाळू, हट्टी, तासन्‌तास बोलणारे. त्यांची भूमिका समजून घ्या, कारण पुस्तकांत त्यांना नुसतं महत्त्वाकांक्षी म्हणून उडवून लावतात ते मला पटत नाही. ते म्हणत होते की घटना झाली, कायदे झाले, आता सोशालिस्टांनी सरकारातून बाहेर पडावं आणि रिपब्लिकनांनी सगळ्यांनी मिळून राज्य करावं, नाहीतर आपला छोटा दुकानदार, छोटा शेतकरी घाबरून उजवीकडे जाईल. निदान बरोबर होतं. दोमिंगो म्हणत होते की सोशालिस्टांना सोडलं तर आपण उरतोच किती, आणि लेरूंशी जमवून घ्यायचं असेल तर १९२९ मध्ये बाहेर कशाला पडलो. हेही बरोबर होतं. दोन्ही बाजू बरोबर असताना पक्ष फुटतो तेव्हा समेट करणारा कुणी उरत नाही.

१९३३ च्या जानेवारीत कासास व्हिएखास या आंदालुसियातल्या गावात पोलिसांनी शेतमजुरांना मारलं, घरासकट जाळलं, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या. सरकारची इभ्रत गेली. एप्रिलच्या स्थानिक निवडणुकांत फटका बसला. जूनमधल्या पक्षाच्या अधिवेशनात दोमिंगो आणि गोर्दोन यांच्यात उघड सामना झाला आणि कशीबशी वेळ मारून नेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला आसान्यांचं सरकार पडलं, लेरूंचं आलं, आणि त्याच महिन्यात माद्रिदच्या खास अधिवेशनात दोमिंगो, गालार्सा, फ्रान्सिस्को बार्नेस वगैरे मंडळी उठून गेली आणि 'स्वतंत्र रॅडिकल सोशालिस्ट' पक्ष काढला. नाव आणि यंत्रणा गोर्दोनकडे राहिली, बरीचशी नामवंत माणसं दोमिंगोंकडे गेली. अल्बोर्नोस तोवर घटनात्मक हमी न्यायालयाचे अध्यक्ष होऊन बाजूला झालेले. गोर्दोन ऑक्टोबरमध्ये मार्तिनेस बारिओंच्या निवडणुकीपुरत्या सरकारात उद्योग आणि व्यापारमंत्री झाले.

१९ नोव्हेंबर १९३३ ला निवडणूक. पद्धत तीच, आघाडीला झुकतं माप देणारी. पण या वेळी उजवे एकत्र आणि सोशालिस्ट बहुतेक ठिकाणी एकटे लढायला निघालेले. रॅडिकल सोशालिस्टांचे तीन तुकडे, कुणाच्याही यादीत फारशी जागा नाही. साठचे खासदार बोटावर मोजण्याइतके झाले, सगळे तुकडे धरून. आसान्यांचा पक्षही पाचावर आला आणि ते स्वतः बिल्बाओत सोशालिस्ट प्रिएतोंच्या यादीतून निवडून आले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्या पद्धतीने वर चढवलं त्याच पद्धतीने खाली आणलं. केंट पडल्या, काम्पोआमोरही पडल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं डावे लोक म्हणत राहिले की बायकांच्या मतांनी घात केला. हे चूक आहे. १९३६ मध्ये त्याच बायका मत द्यायला होत्या आणि डावी आघाडी जिंकली, कारण त्या वेळी यादी एक होती.

पुढचं पटकन सांगतो. ३ एप्रिल १९३४ ला दोमिंगोंचा गट, आसान्यांचा पक्ष आणि कासारेस किरोगांचा गालिसियातला पक्ष मिळून 'इस्किएर्दा रेपुब्लिकाना' झाला. लेरूंना सोडून बाहेर पडलेल्या मार्तिनेस बारिओंबरोबर गोर्दोनचा गट गेला आणि सप्टेंबरमध्ये 'उनिओन रेपुब्लिकाना' झाला. पक्षाचं नाव तिथे संपलं. पण माणसं संपली नाहीत: आस्तुरियासमधल्या १९३४ च्या उठावानंतर जी दडपशाही झाली तिचा अहवाल धाडसाने लिहून सरकारपुढे ठेवला तो गोर्दोननी. १९३६ च्या पॉप्युलर फ्रंटमध्ये, म्हणजे डाव्यांच्या आघाडीत, हे दोन्ही पक्ष एकाच यादीत होते, दोमिंगो परत शिक्षणमंत्री झाले, केंट खासदार झाल्या. गालार्सा सोशालिस्ट झाले आणि १९३६ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या पहिल्या वर्षात सोशालिस्ट पुढारी लार्गो काबायेरोंच्या सरकारात गृहमंत्री. गोर्दोन मेक्सिकोत राजदूत, प्रजासत्ताकासाठी शस्त्रं मिळवायच्या धडपडीत. दोमिंगो मार्च १९३९ मध्ये तुलूझला वारले, युद्ध संपायच्या महिनाभर आधी.

आता वारसाचा प्रश्न. युद्धात फ्रँको जिंकला, तरी हद्दपार प्रजासत्ताक सरकार मेक्सिकोत आणि मग पॅरिसमध्ये चालू राहिलं, आणि १९४७ ते १९५१ त्याचे पंतप्रधान अल्बोर्नोस होते, त्यांच्यानंतर १९५१ ते १९६० गोर्दोन ओर्दास. म्हणजे एकाच छोट्या पक्षातून आलेले दोन पंतप्रधान, लागोपाठ, तेरा वर्षं, राज्य करायला देश नसताना. अल्बोर्नोस १९५४ मध्ये आणि गोर्दोन १९७३ मध्ये मेक्सिकोतच गेले, केंट १९८७ मध्ये न्यूयॉर्कला. दोमिंगोंचा इस्किएर्दा रेपुब्लिकाना आणि गोर्दोनचा उनिओन रेपुब्लिकाना हे दोन्ही प्रवाह १९६० च्या सुमाराला हद्दपारीतच एकत्र आले, 'आक्सिओन रेपुब्लिकाना देमोक्रातिका एस्पान्योला' नावाने, पण फ्रँकोनंतरच्या जून १९७७ च्या पहिल्या निवडणुकीत उघडपणे रिपब्लिकन असलेल्या पक्षांना मान्यताच दिली नव्हती. त्याच महिन्यात हद्दपार सरकारने स्वतःला विसर्जित केलं. आज इस्किएर्दा रेपुब्लिकाना नावाचा छोटासा पक्ष स्पेनमध्ये आहे, कागदावरचा वारस म्हणायचा तर तोच, पण त्याचा संसदेवर काही प्रभाव नाही. धर्मनिरपेक्ष शाळा, नागरी विवाह, घटस्फोट हे मुद्दे मात्र १९७८ नंतर मुख्यतः सोशालिस्ट पक्षाने उचलले, काही मध्यममार्गी सरकारनेही, उदाहरणार्थ घटस्फोटाचा कायदा १९८१ मध्ये परत आला तो माजी पंतप्रधान सुआरेसांच्या पक्षाच्या सरकारच्या काळात.

दोमिंगोंच्या त्या पहिल्या आठ महिन्यांतल्या शिक्षणाच्या हुकुमांबद्दल कुणाला अजून हवं असेल तर विचारा, त्यावर वेगळं सविस्तर लिहीन.